खेळाचा कायदा शिकायला परदेशी जाऊ का?

‘सर, मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. दहा वर्षं बॅडमिंटन खेळले. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि कोर्ट सुटलं, पण खेळाची दुनिया सोडवत नाही. म्हणून परदेशात जाऊन स्पोर्ट्स लॉमध्ये एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, करायचं मनात आहे. पुढे फुटबॉलपटूंची एजंट व्हावं असंही वाटतं. शिक्षणासाठी कर्ज काढावं लागेल. बाबा म्हणतात, “खेळाचा कसला आलाय कायदा? पंचाने शिट्टी वाजवली की संपलं!” जाऊ का? कुठे जाऊ? आणि परत फेडता येईल असं काही हाती लागेल का?’
– एक माजी खेळाडू

तुझ्या बाबांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण तो दिसतो तितका भाबडा नाही. ‘खेळाचा कायदा’ असा काही स्वतंत्र कायदा आहे का, यावर या विषयाचे प्राध्यापकही अजून वाद घालतात. माझं उत्तर तुला एका खटल्यातून सांगतो.

१९९० मध्ये बेल्जियममधल्या ज्याँ-मार्क बोसमन या फुटबॉलपटूचा लिएजच्या क्लबशी असलेला करार संपला. नव्या कराराचा जो प्रस्ताव आला त्यात पगार जवळपास एक चतुर्थांशावर आणलेला होता. बोसमनने फ्रान्समधल्या डंकर्कच्या क्लबशी बोलणी केली. पण त्या काळी करार संपल्यावरही जुना क्लब ट्रान्सफर फी मागू शकत असे, आणि तो व्यवहार जमला नाही की खेळाडू मधल्यामध्ये लटकत असे. बोसमन लटकला, आणि मग कोर्टात गेला. पाच वर्षांनी, १५ डिसेंबर १९९५ रोजी, युरोपियन कोर्ट ऑफ जस्टिसने निकाल दिला: युरोपीय संघातल्या खेळाडूचा करार संपला की संघातल्याच दुसऱ्या देशातल्या क्लबकडे जाताना त्याच्यासाठी फी मागता येणार नाही, शिवाय एखाद्या टीममध्ये अशा ‘परदेशी’ खेळाडूंची संख्याही मर्यादित ठेवता येणार नाही. आज फुटबॉलपटू करार संपवून मोकळे होतात आणि घसघशीत रक्कम घेऊन दुसरीकडे सही करतात, ते या निकालामुळे. खुद्द बोसमनच्या हाती मात्र फारसं काही लागलं नाही. त्याची उमेदीची वर्षं कोर्टातच गेली होती.

त्याचा वकील होता ज्याँ-लुई ड्युपाँ. तेव्हा तरुण होता. त्याने युक्तिवादासाठी फुटबॉलचा नियम वापरला नाही. युरोपीय करारातलं कामगारांच्या मुक्त संचाराचं कलम काढलं आणि विचारलं, फुटबॉलपटू हा कामगार आहे की नाही? याच ड्युपाँचं नाव पुढे डिसेंबर २०२३ च्या, युरोपातल्या बड्या क्लबांच्या वेगळ्या ‘सुपर लीग’बद्दलच्या निकालात आणि ४ ऑक्टोबर २०२४ च्या फ्रेंच फुटबॉलपटू लसाना डियाराच्या निकालातही दिसतं. तीस वर्षं हा माणूस फुटबॉलच्या महासंघांना हलवतो आहे, आणि त्याची हत्यारं दोनच: मुक्त संचाराचा कायदा आणि स्पर्धा कायदा. म्हणजे बाजारातल्या मक्तेदारीला आळा घालणारा कायदा, मॅचशी त्याचा संबंध नाही.

हे एवढं लांबण लावून सांगितलं, कारण तुझ्या पत्रातल्या बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं यातून निघतात. या क्षेत्रात जे टिकतात ते आधी करार, लवाद, कामगार कायदा, स्पर्धा कायदा किंवा बौद्धिक संपदा यांपैकी एका गोष्टीत पक्के असतात. खेळाची आवड सगळ्यांनाच असते. एलएलएमच्या वर्गात तुझ्या शेजारी बसलेला प्रत्येकजण कुठला ना कुठला खेळ खेळलेला असेल. तो तुझा वेगळेपणा ठरणार नाही. दुखावलं असेल तर माफ कर, पण विमानात बसण्याआधी कळलेलं बरं.

आता बाबांच्या शिट्टीकडे येतो. मैदानावरच्या पंचाच्या निर्णयात लवाद सहसा हात घालत नाहीत, तेवढ्यापुरतं बाबांचं बरोबर आहे. पण बंदी कुणावर, पदक कुणाचं, पात्र कोण, पैसे कुणी बुडवले, हे सगळं शिट्टीच्या पलीकडचं आहे. त्यासाठी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात १९८४ पासून कोर्ट ऑफ आर्बिट्रेशन फॉर स्पोर्ट आहे. सगळे त्याला ‘कॅस’ म्हणतात. नावात कोर्ट असलं तरी ते लवादाचं ठिकाण आहे: दोन्ही पक्ष यादीतून आपापला लवाद निवडतात, सुनावणी होते, निवाडा येतो. त्यावर स्विस सर्वोच्च न्यायालयात जाता येतं, पण कारणं अगदी मोजकी. महासंघाच्या निर्णयावर कॅसकडे अपील करायला, दुसरी मुदत ठरलेली नसेल तर, २१ दिवस मिळतात. ऑलिंपिकच्या वेळी तर १९९६ च्या अटलांटापासून कॅसचा तात्पुरता विभाग यजमान शहरातच ठाण मांडून बसतो आणि साधारण २४ तासांत निर्णय देण्याचा प्रयत्न करतो. तिथे काम करणारे वकील पहाटे तीनला अर्ज लिहितात.

या यंत्रणेवर टीकाही आहे, आणि ती टीका म्हणजेच येत्या काही वर्षांचं काम आहे. खेळाडूला कॅस मान्य करण्यावाचून पर्याय असतो का, हा जुना प्रश्न. जर्मन स्पीड स्केटर क्लाउडिया पेखश्टाइनच्या प्रकरणात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं की तिला खुली सुनावणी मिळायला हवी होती. जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेची धावपटू कास्टर सेमेन्या हिच्या बाबतीत स्विस न्यायालयाने पुरेशी कसून तपासणी केली नाही असं ठरवलं. लगेच १ ऑगस्टला युरोपीय संघाच्या न्यायालयाने बेल्जियमच्या सरेंग क्लबच्या प्रकरणात सांगितलं की कॅसचे निवाडे संघातल्या देशांच्या न्यायालयांना तपासता आले पाहिजेत. जी दारं इतकी वर्षं बंद होती ती किलकिली होत आहेत. तू योग्य वेळी येते आहेस, असं मला वाटतं.

मग कुठे जायचं? विद्यापीठांच्या क्रमवारीपासून सुरू करू नकोस. काम कुठे करायचं आहे ते आधी ठरव आणि तिथून उलट मागे ये.

महासंघांमध्ये किंवा कॅसपुढे काम करायचं असेल तर स्वित्झर्लंड. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती आणि कितीतरी आंतरराष्ट्रीय महासंघ लोझानच्या आसपास आहेत, युरोपचा फुटबॉल महासंघ युएफा न्योंमध्ये, फिफा झुरिकमध्ये. ‘फिफा मास्टर’ हा नावाजलेला अभ्यासक्रम २००० पासून चालतो आणि तीन देशांत फिरतो: इंग्लंडमध्ये लेस्टरचं डी मॉन्टफर्ट, इटलीत मिलानचं बोकोनी, शेवटी स्वित्झर्लंडमधलं नूशातेल. वर्गात तीसेक विद्यार्थी. पण लक्षात घे, तो एलएलएम नाही. व्यवस्थापन, कायदा आणि खेळाचा इतिहास-समाजशास्त्र असं मिश्रण आहे. त्यातून बाहेर पडणारे बरेच जण वकिली करतच नाहीत. ते स्पर्धा भरवतात, महासंघ चालवतात. तुला काळा कोट घालायचा असेल तर हा रस्ता वळसा घालून जातो.

निखळ कायद्याचं शिक्षण हवं असेल तर इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम ट्रेंटचा स्पोर्ट्स लॉचा एलएलएम आहे. माद्रिदमध्ये आयएसडीई या लॉ स्कूलचा आंतरराष्ट्रीय क्रीडा कायद्याचा मास्टर आहे, आणि तिथे फुटबॉलवर भर असतो. स्पॅनिश येत असेल किंवा शिकायची तयारी असेल तर माद्रिदचा विचार गांभीर्याने कर. दक्षिण अमेरिकेतून युरोपात येणाऱ्या खेळाडूंचे वाद पुष्कळ असतात, आणि कॅसच्या कामकाजाच्या भाषांत इंग्रजी-फ्रेंचच्या जोडीला २०२० पासून स्पॅनिशही आहे. भाषेला कमी लेखू नकोस. दुसरी पदवी घेण्यापेक्षा चांगली फ्रेंच शिकलेली मुलगी लोझानमध्ये जास्त उपयोगाची ठरते, हे माझं ठाम मत आहे.

अमेरिका हे वेगळंच प्रकरण. मिल्वॉकीच्या मार्केट विद्यापीठात १९८९ पासून क्रीडा कायद्याची संस्था आहे आणि परदेशी वकिलांसाठी एलएलएमही. न्यू ऑर्लिन्सचं ट्युलेनही या विषयासाठी ओळखलं जातं. पण तिथला क्रीडा कायदा म्हणजे प्रामुख्याने लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातले सामूहिक करार, मक्तेदारीविरोधी खटले आणि कॉलेजचे खेळ. जून २०२५ मध्ये एका तडजोडीला कोर्टाने मंजुरी दिली आणि पहिल्यांदाच विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. तिथे सध्या वकिलांची चंगळ आहे. पण ते शिकून तू लोझानला गेलीस तर अर्धं ज्ञान पेटीतच राहील. ऑस्ट्रेलियात मेलबर्नचं नाव जुनं आहे, तेवढं सांगून पुढे जातो.

एक गोष्ट माहितीपत्रकात बारीक अक्षरात असते, कधी नसतेही. एलएलएम म्हणजे वकिलीचा परवाना नव्हे. इंग्लंड-वेल्समध्ये सॉलिसिटर व्हायचं तर २०२१ पासून एसक्यूई नावाची परीक्षा आहे, ती वेगळी द्यावी लागते. न्यूयॉर्कमध्ये परदेशी कायदा पदवीधराला ठरावीक विषय घेऊन एलएलएम केल्यावर बारची परीक्षा देता येऊ शकते, पण विषय चुकले की गेलं. कॅसपुढे उभं राहायला मात्र स्विस परवाना लागत नाही. तिथे कुठल्याही देशाचा वकील चालतो, वकील नसलेला प्रतिनिधीही चालतो. म्हणूनच तुझ्या आधीच्या पदवीची आणि परवान्याची किंमत कमी समजू नकोस. शेवटचं वर्ष नीट पार पाड, सनद घे, मग बॅग भर.

आणि राहण्याचं? स्वित्झर्लंडमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला पदवीनंतर नोकरी शोधायला सहा महिने मिळतात. सहा महिने म्हणजे काहीच नाही. क्रीडा कायद्याची राजधानी नेमकी तिथे आहे जिथे आपल्यासारख्यांना टिकणं अवघड. म्हणून अभ्यासक्रम निवडताना मी एकच प्रश्न विचारीन: यात इंटर्नशिप आहे का, आणि ती कोण मिळवून देतं? विद्यापीठ की मी? गेल्या दोन-तीन वर्षांतल्या विद्यार्थ्यांना थेट मेसेज कर. त्यांतही युरोपबाहेरून आलेल्यांनाच शोध. बाकीच्यांचा अनुभव तुझ्या कामाचा नाही.

आता कामाबद्दल. लोकांच्या डोळ्यांसमोर कॅसची सुनावणी असते, पण कॅसच्या यादीतले चारशेच्या आसपास लवाद हे आपापल्या देशात आधीच नाव कमावलेले वकील, न्यायाधीश, प्राध्यापक असतात. ती नोकरी नव्हे. कॅसचं स्वतःचं कार्यालय त्यामानाने छोटं. खरं काम इतरत्र आहे. महासंघाच्या कायदा विभागात बसून नियम लिहिणं हे त्यातलं सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत सुंदर काम. एका स्वल्पविरामाने कुणाचं पदक जातं. क्लबांमध्ये कराराचं काम आहेच, पण आता हिशेबाच्या नियमांचंही आहे: इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबचे, मर्यादेपेक्षा जास्त तोटा दाखवल्याबद्दल, नोव्हेंबर २०२३ मध्ये १० गुण कापले गेले, ते अपिलात ६ वर आले. ते चार गुण मैदानावर कुणी मिळवले नाहीत, वकिलांनी मिळवले. इंग्लंडमध्ये २०२५ च्या कायद्याने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामकच आला आहे, म्हणजे नव्या नोकऱ्या. खेळाडूंच्या बाजूने उभं राहायचं तर फिफप्रोसारख्या संघटना आहेत. प्रक्षेपण हक्क, प्रायोजकत्व, खेळाडूच्या नावाचा-छबीचा वापर, हे सगळं बड्या लॉ फर्ममधलं व्यापारी काम; पैसा तिथे जास्त, आणि खेळ सर्वांत कमी.

तुझ्यासारख्या माजी खेळाडूने उत्तेजकांच्या प्रकरणांकडे जरूर बघावं. वाडा ही जागतिक उत्तेजकविरोधी संस्था १९९९ मध्ये उभी राहिली, मुख्यालय माँट्रियलला. तिच्या संहितेचं मूळ तत्त्व कडक आहे: शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार, हेतू असो वा नसो. हेतुपुरस्सर असेल तर पहिल्याच वेळी साधारण चार वर्षांची बंदी, म्हणजे बहुतेकांची कारकीर्दच. मग वकिलाचं काम सुरू होतं: पदार्थ आला कुठून? डबा कुठला, मलम कुणाचं, कुणी लावलं? टेनिसपटू यानिक सिनरच्या मार्च २०२४ मधल्या चाचण्यांत क्लोस्टेबॉल हे बंदी असलेलं स्टेरॉइड सापडलं. फिजिओच्या हातांवरच्या स्प्रेमधून ते मालिश करताना अंगात गेलं, ही त्याची बाजू स्वतंत्र लवादाने मान्य केली. वाडाने कॅसकडे अपील केलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन महिन्यांच्या बंदीवर तडजोड झाली. एवढ्या वेगाने तज्ज्ञ आणि कागद उभे करायला पैसा लागतो. ज्या खेळाडूकडे तो नसतो तिची फाइल बघितलीस की हा विषय पुस्तकातला राहत नाही. दुती चंदने २०१५ मध्ये संप्रेरकांच्या नियमाला कॅसपुढे आव्हान देऊन तो स्थगित करून घेतला, तेव्हा तिच्यासाठी कॅनडातल्या वकिलांनी एक पैसा न घेता काम केलं होतं.

राहिली तुझी एजंट होण्याची इच्छा. त्यासाठी एलएलएम करू नकोस. फिफाचा परवाना लागतो, त्याला कायद्याची पदवीच लागत नाही. २०२३ पासून परीक्षा आहे: एका तासात २० बहुपर्यायी प्रश्न, १५ बरोबर आले की पास. अभ्याससाहित्य फिफाच मोफत देतं आणि परीक्षेत ते उघडून बघायलाही हरकत नसते. एजंटांच्या कमिशनवर घातलेल्या मर्यादेवरून युरोपात खटले झाले आणि २०२३ च्या शेवटी फिफाला काही नियम थांबवावे लागले, तेही वाचून ठेव. अवघड आहे ते परीक्षेनंतरचं: सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांनी तुझ्यावर विश्वास का ठेवावा? ते कुठलंही विद्यापीठ शिकवत नाही. तुझ्या पत्राचा सूर बघता तू एजंटपेक्षा वकील चांगली होशील असं मला वाटतं, पण हे पत्रावरून बांधलेलं अनुमान आहे, सोडून दे हवं तर.

कर्जाचं सरळ सांगतो. परदेशी पगाराच्या आकड्यावर हप्ता बेतू नकोस. नोकरी तिथे न मिळता परत यावं लागलं आणि पहिल्या दोन वर्षांत साध्या वकिलाची मिळकत हाती आली, तर हप्ता झेपेल का? झेपत असेल तर जा. नसेल तर यंदा जाऊ नकोस. खरं म्हणजे झेपत असेल तरी मी तुला आणखी दोन वर्षं थांबायला सांगेन. लवादाचं काम करणाऱ्या एखाद्या वकिलाकडे रूजू हो. स्पर्धा कायद्याचं काम मिळालं तर उत्तमच. दोन वर्षं खऱ्या फायली हाताळलेली विद्यार्थिनी एलएलएमच्या वर्गात वेगळे प्रश्न विचारते, आणि इंटर्नशिप देणाऱ्यालाही ते दिसतं. मी स्वतः पदवी हातात पडताच पळालो होतो. अर्ध्या तासिकांना नुसती मान डोलावली, कारण प्रत्यक्ष लवादाचा कागद कधी पाहिलाच नव्हता.

या दोन वर्षांत परदेशी न जाताही बरंच होतं. डी मॉन्टफर्टने क्रीडा कायदा दूरस्थ पद्धतीनेही शिकवला आहे, त्याची चौकशी कर. हेगच्या आसर इन्स्टिट्यूटमध्ये या विषयाचं संशोधन केंद्र आहे, त्यांचं लिखाण नेटवर वाचायला मिळतं. महिन्याला एका निवाड्यावर दोन पानं लिही आणि प्रसिद्ध कर. अर्जातल्या ‘मला लहानपणापासून खेळाची आवड’ या वाक्यापेक्षा ती चोवीस टिपणं जास्त बोलतात.

सुरुवात आजच करता येईल. कॅसच्या संकेतस्थळावर निवाडे फुकट मिळतात. ऑगस्ट २०२४ मधला विनेश फोगटचा निवाडा उतरवून घे, २४ पानांचा आहे. पन्नास किलोच्या गटात दुसऱ्या दिवशीच्या वजनाला शंभर ग्रॅम जास्त भरले, तेवढी कथा सगळ्यांना ठाऊक आहे. लवादाने नियमाचे परिणाम फार जाचक असल्याचं नोंदवलं आणि तरीही अर्ज फेटाळला. असं का, ते त्या पानांत आहे. बाबांनाही वाचायला दे. मग दोघं बसून ठरवा, लवादाच्या खुर्चीत तुम्ही असता तर काय लिहिलं असतं आणि कुठल्या कलमाखाली. आठव्या पानावर कंटाळा आला तर तेही मला कळव, तेव्हा वेगळं पत्र लिहीन.